१८६ विरुद्ध १

लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायांसाठी राखून ठेवणाऱ्या महिला आरक्षण विधेयकावर ९ मार्च २०१० ला राज्यसभेत मतदान झालं. बाजूने १८६, विरोधात १. आदल्या दिवशी, म्हणजे नेमका महिलादिनी, सभागृहात काय झालं ते टीव्हीवर पाहिलेल्यांना अजून आठवत असेल. सभापतींच्या आसनापर्यंत धावलेले खासदार, फाडलेले कागद, मग मतदानाच्या दिवशी सात जणांचं निलंबन आणि त्यांना बाहेर काढायला आलेले मार्शल. एवढा दंगा झाला, पण प्रत्यक्ष मतदानात ‘नाही’ नोंदवणारा माणूस एकच निघाला. आणि तो आपला निघाला. शरद जोशी.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी. कांद्याच्या, उसाच्या, कापसाच्या भावासाठी रस्ते अडवणारे. पण आमच्या नाशिक जिल्ह्यात त्यांची आणखी एक ओळख आहे, चांदवडची. नोव्हेंबर १९८६ मध्ये त्यांनी चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि लाखाच्या वर बाया जमल्या. दिल्लीत महिला आरक्षणाचं पहिलं विधेयक यायला तेव्हा दहा वर्षं होती. चांदवडच्या वातावरणातूनच शेतकरी महिला आघाडी उभी राहिली आणि पंचायत राज्याच्या निवडणुका फक्त बायांनी लढवायच्या, तिसरा हिस्सा नाही, अर्धाही नाही, शंभर टक्के, हा विचार पुढे आला. जिल्हा परिषदेच्या निवडणुका सरकारनं लांबवत नेल्या. पण १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळमधलं मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण महिलांची पॅनेल निवडून आली. नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम झाली, आणि हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला.

हे सगळं करणाऱ्या माणसानं चोवीस वर्षांनी त्या विधेयकाच्या विरोधात एकट्यानं बटण दाबलं. मला तेव्हा संताप आला होता आणि ते मत चुकीचं होतं असं मी आजही म्हणेन. पण त्यांची हरकत मात्र बरोबर होती. चिठ्ठी टाकून मतदारसंघ राखीव करायचा आणि पुढच्या वेळी तो फिरवायचा, या पद्धतीवर त्यांचा मुख्य रोख होता. अशानं मतदारसंघ बांधायला ना बाईला वेळ मिळेल, ना पुरुषाला रस राहील, असं त्यांचं म्हणणं. ही हरकत काय आहे हे मला दिल्लीच्या चर्चांमधून नाही कळलं. ते आमच्या तालुक्यात कळलं.

आरक्षणाची सोडत तुम्ही कधी पाहिली नसेल तर एकदा जरूर पाहा. मी शिक्षिका. आमच्या नगरपरिषदेच्या सोडतीत चिठ्ठ्या काढायला आमच्या शाळेतली चौथीची मुलगी नेली होती, म्हणून तिच्यासोबत मला जावं लागलं. सभागृह भरलेलं. खुर्च्या कमी, पांढरे शर्ट जास्त. टेबलावर प्लास्टिकची पारदर्शक बरणी. हातात काही लपवलेलं नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून साहेबांनी त्या पोरीच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायला सांगितल्या. तिनं हात घातला, चिठ्ठी दिली, साहेबांनी ती उलगडून प्रेक्षकांकडे धरली आणि माईकवर वाचली. ‘प्रभाग सात, जागा अ, नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला.’

माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. दोन वर्षं त्यांनी प्रभाग सातमध्ये गणपतीला आरतीची पुस्तकं वाटली होती, उन्हाळ्यात स्वतःच्या नावाचे टँकर फिरवले होते. ते उठले, दाराशी गेले आणि फोन लावला. ‘पडली ना लेडीज. आता मिसेसचंच बघावं लागतंय. तिचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा असेल, तो शोध. आणि मतदारयादीत तिचं नाव कुठल्या प्रभागात आहे ते काढ आधी.’ ज्यांचं नाव यादीत कुठे आहे हेसुद्धा घरात कुणाला ठाऊक नव्हतं, त्या मिसेस पुढे मोठ्या मताधिक्यानं निवडून आल्या. बॅनरवर त्यांचा हात जोडलेला फोटो होता आणि त्याच्या दुप्पट आकाराचा यजमानांचा. परत येताना आमची पोर मला विचारत होती, ‘बाई, ते काका माझ्याकडे रागानं का बघत होते?’

या विषयावर बोलायला लागलं की मंडळी इथेच थांबतात. सरपंचपती, नगरसेवकपती, ‘सह्या तिच्या, कारभार त्याचा’ असं म्हणून हसतात आणि आरक्षणाचा निकाल लावून मोकळे होतात. मला पुढचं सांगायचं आहे, कारण माझी मामी अशीच निवडून आली होती.

मामी चांदवडला गेल्या होत्या. नुकतं लग्न झालेलं, सासूबरोबर ट्रकमधून. तिथे कोण काय बोललं हे त्यांना फारसं आठवत नाही. एवढ्या बाया एका जागी बघून घाबरायला झालं, एवढंच त्या सांगतात. १९९७ ला आमचा पंचायत समितीचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिला राखीव झाला आणि मामांनी त्यांचा अर्ज भरला. पहिलं वर्षभर मामी सभेत शेवटच्या रांगेत बसायच्या आणि मामा बाहेर व्हरांड्यात बीडीओंशी, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांशी, बोलायचे. इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला पाठ आहे.

मग एका उन्हाळ्यात टंचाईची बैठक लागली. टँकरच्या फेऱ्यांचं रजिस्टर टेबलावर फिरत होतं. मामींचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण रजिस्टर त्यांनी वाचलं. एका वस्तीसमोर रोज दोन फेऱ्या मांडल्या होत्या. मामी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, या वस्तीला रस्ताच नाही. बैलगाडी जात नाही तिथं. टँकर कसा गेला?’ बैठकीत कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून ग्रामसेवकाचे फोन घरी मामांसाठी नाही, मामींसाठी यायला लागले. शेवटच्या दोन वर्षांत सेस फंड कुठे अडतो, आमसभेत कोणता प्रश्न लेखी द्यायचा आणि कोणता तोंडी विचारायचा, बोअर मंजूर करून घ्यायला कोणत्या महिन्यात मागे लागायचं, हे त्यांना मामांपेक्षा जास्त कळत होतं. मामा हे कबूल करायचे. बाहेर नाही, घरात.

२००२ ला गण खुला झाला. तालुक्याचे नेते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘ताई, काम चांगलं केलंत. पण आता ओपन आहे.’ बस्स. खुल्या जागेवर बाईनं उभं राहू नये असं कुठल्याही कायद्यात नाही. पण सगळ्यांनी मान हलवली. मामांनीसुद्धा. रस्ता नसलेल्या वस्तीवर टँकर पोचवणारी मंडळी त्या दिवशी निर्धास्त झाली असणार.

पाच वर्षं शिकायला लागतात आणि शिकून झालं की जागा फिरते. शरद जोशींची हरकत हीच होती. तरीही त्यांचं मत मी चुकीचं का म्हणते, त्याचं उत्तरही महाराष्ट्रातच सापडतं. मुंबई महापालिकेत १९९७ ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते, त्यातले बरेच २००२ ला खुले झाले. रिखिल भवनानी या अभ्यासकानं त्या वॉर्डांचं पुढे काय झालं ते तपासलं. राखीव वॉर्ड सोडतीनं ठरलेले, त्यामुळे तुलना चोख होते. आधी कधी राखीव नसलेल्या वॉर्डांपेक्षा, एकदा राखीव राहून खुल्या झालेल्या वॉर्डांत बाई निवडून येण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. म्हणजे मामींसारख्या अनेकींना घरी बसवलं गेलं तरी काही बसल्या नाहीत, आणि पक्षांनाही कळलं की बाई उभी केली तर वॉर्ड जात नाही. पाचपट म्हटलं तरी मूळ आकडा इतका लहान की गुणून फार काही हाती येत नाही, हेही खरं. पण आरक्षण उठलं की सगळं पुसून जातं, हे म्हणणं तरी टिकत नाही.

या आरक्षणाला ‘नाही’ म्हणणारे सगळे बायकांचे वैरीच होते असंही नाही. घटना समितीत अवघ्या पंधरा स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या रेणुका राय यांनी १९४७ ला स्त्रियांसाठी राखीव जागांना स्पष्ट विरोध केला होता. आम्हाला कर्तृत्वावर येऊ द्या, एवढंच मागणं. १९७४ च्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीतही बहुमत विधिमंडळातल्या आरक्षणाच्या विरोधातच गेलं. लतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी वेगळं मत नोंदवलं. त्या पिढीला वाटत होतं, मताचा अधिकार आहे, शिक्षण येतंय, आणखी दोनचार निवडणुकांत संख्या आपोआप वाढेल. १९५२ च्या लोकसभेत महिला पाच टक्क्यांच्या आत होत्या. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ निवडून आल्या, साडेतेरा टक्के. आधीच्या लोकसभेत ७८ होत्या. बहात्तर वर्षांत आपोआप एवढंच झालं, आणि शेवटच्या खेपेला पाऊल मागेच पडलं.

‘आपले लोक बाईला मत देत नाहीत’ हे वाक्य मी मतदान केंद्रावर ड्युटी करताना इतक्या वेळा ऐकलंय की आता मी आकडेच सांगते. २०२४ ला देशभरात आठ हजारांवर उमेदवार होते, त्यात महिला आठशेच्या आसपास. निवडून आल्या ७४, म्हणजे उभ्या राहिलेल्यांपैकी नऊ टक्क्यांच्या वर. पुरुषांचं हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास. मतदारानं बाईला पाडलेलं नाही. तिला उभंच केलं गेलं नाही. दोन मोठ्या पक्षांपैकी भाजपनं ६९ महिलांना तिकीट दिलं, काँग्रेसनं ४१ जणींना. चारशेच्या घरात नि तीनशेच्या घरात जागा लढवून!

खरी खिंड आहे ती तिकिटाची. तिकीट जिथे ठरतं त्या खोलीत बाया नसतात आणि तिथला परवलीचा शब्द ‘इलेक्टिव्ह मेरिट’, म्हणजे निवडून येण्याची क्षमता. या मेरिटमध्ये पैसा येतो, जात येते, साखर कारखाना येतो, मागच्या खेपेला पडूनही घेतलेली मतं येतात. रात्री दोन वाजता फोन उचलून पोलीस ठाण्यात जाता येणं येतं. बाईकडे यातलं काही असायचं तर ते बहुतेक वेळा घरातून आलेलं असतं. म्हणून महाराष्ट्रातून दिल्लीत गेलेल्या सातजणींची नावं वाचताना बहुतेकींच्या आधी कुणाची तरी मुलगी, सून, पत्नी हे ओळखीचं वाक्य येतं. सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड, प्रतिभा धानोरकर, रक्षा खडसे, स्मिता वाघ, शोभा बच्छाव. घराण्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच विचारते की उरलेल्या ४१ पुरुषांतल्या किती जणांचे वडील किंवा काका राजकारणात होते, ते मोजलंत का? शिवाय याच यादीत आणखी एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. रक्षा खडसे आधी कोथळीच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषदेत. स्मिता वाघ जिल्हा परिषदेतून वर आल्या. शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या. आरक्षणानं बांधलेली शिडी वापरात आहे. वरच्या पायऱ्यांवर मात्र घरच्यांचा हात लागतो, आणि तो सगळ्यांना नसतो.

टिकण्याचंही तेच. भावना गवळी १९९९ पासून सलग पाच वेळा लोकसभेत निवडून गेल्या. २०२४ ला त्यांचं तिकीट कापलं गेलं. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, पाच वेळा जिंकलेल्या बाईलाही सहाव्यांदा त्या खोलीबाहेर वाट बघावी लागते.

घरच्यांच्या हाताशिवायही कुणी चढलं नाही असं नाही. मृणाल गोरे. गोरेगावच्या नळांपासून सुरुवात, १९६१ ला मुंबई महापालिका, १९७२ ला विधानसभा, १९७७ ला लोकसभा. महागाईविरोधात लाटणी घेऊन बाया रस्त्यावर आल्या त्यात त्या होत्या आणि अहिल्याताई रांगणेकर होत्या. अहिल्याताईसुद्धा १९७७ ला मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ. पाणीवाली म्हणजे मृणालताई, दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. पण या उदाहरणाचा वापर लोक उलटा करतात. बघा, कर्तृत्व असेल तर आरक्षण लागत नाही! अहो, मृणालताईंइतकं कर्तृत्व किती पुरुष खासदारांकडे आहे? सुमार पुरुषाला तिकीट मिळतं तसं सुमार बाईलाही मिळायला लागेल, तेव्हा मी बरोबरी आली असं मानेन.

गोव्याकडे बघून आपल्याला थोडं लाजायला हवं. तिथे १९७३ ला शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, वडील भाऊसाहेब बांदोडकरांच्या पाठोपाठ. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांच्या तसबिरींची रांग एवढी लांब, पण मी हे लिहितेय तोवर त्यात बाई नाही. आणि २०२४ ची विधानसभा निवडणूक तर जिच्या नावानं लढली गेली ती ‘लाडकी बहीण’. महिन्याला दीड हजार खात्यात, प्रत्येक सभेत बहिणींचा गजर, निकालानंतर बहिणींचे आभार. त्या निकालात २८८ आमदारांत बहिणी आल्या २१. आधीच्या विधानसभेत २४ होत्या.

दिल्लीतल्या विधेयकाची कहाणी थोडक्यात सांगते, कारण ती तशी रटाळ आहे. १९९६ ला देवेगौडा सरकारनं ते पहिल्यांदा आणलं, गीता मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तपासलं, १९९८ ला मंत्र्यांच्या हातातून प्रत ओढून सभागृहातच फाडली गेली, २०१० ला राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत आलंच नाही. अडवणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा होता. राखीव जागांत ओबीसी बायांचा वाटा कुठे? तो मांडणाऱ्यांपैकी काहींनी ‘परकटी’, म्हणजे केस कापलेल्या, बायकांवर शेरे मारून तो स्वतःच नासवला, पण प्रश्न संपला नाही. आमच्या नगरपरिषदेच्या बरणीत तशी वेगळी चिठ्ठी असते. संसदेच्या कायद्यात नाही. मला विचाराल तर ती असायला हवी.

सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसद भवनात कायदा झाला. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. या वेळी राज्यसभेत एकटा विरोधकही नव्हता. लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तेवढ्याच. राज्यसभा आणि विधान परिषद मात्र वगळलेली. मुदत पंधरा वर्षांची. आणि सुरुवात कधी? आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण, असा क्रम कायद्यातच घातला. लग्न ठरलं म्हणून पेढे वाटायचे आणि मुहूर्त मात्र नवं घर बांधून झाल्यावर काढू म्हणायचं, अशातला प्रकार.

पण त्याच कायद्यात एक तरतूद आहे जी वाचून मला शरद जोशी आठवले. राखीव जागा प्रत्येक निवडणुकीला फिरणार नाहीत. पुढची पुनर्रचना होईल तेव्हा फिरतील. म्हणजे एखादा मतदारसंघ महिला राखीव झाला तर तो दोन, कदाचित तीन निवडणुका तसाच राहू शकतो. पहिली पाच वर्षं रजिस्टर वाचायला शिकण्यात गेली तरी पुढची पाच हातात राहतील. ‘ताई, आता ओपन आहे’ हे वाक्य निदान दहा वर्षं कुणाला म्हणता येणार नाही. त्यांची हरकत अशी अर्धीमुर्धी का होईना मानली गेली, असं मला वाटतं. कायदा करणाऱ्यांच्या मनात ते होतं का, कोण जाणे.

आजच्या जागा धरल्या तर महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत १६ बाया असतील आणि २८८ आमदारांत ९६. हा हिशेब मी आमच्या स्टाफरूममध्ये मांडला तेव्हा एक सर म्हणाले, ‘एवढ्या बायका आणणार कुठून?’ अहो, २०११ पासून आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायांच्या आहेत. सरपंच, सभापती, नगराध्यक्ष राहिलेल्या बाया प्रत्येक तालुक्यात डझनांनी सापडतील. त्यांतल्या निम्म्यांच्या सह्या नवऱ्यांनी केल्या असं धरलं तरी उरलेल्यांतून ९६ जणी काढायला काय अडचण आहे?

आणि त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज होती असंही नाही. २०१९ ला ओडिशात बिजू जनता दलानं लोकसभेच्या २१ पैकी ७ जागांवर महिला उभ्या केल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुठली चिठ्ठी निघाली नव्हती; नवीन पटनायकांनी जाहीर केलं आणि केलं. पाचजणी जिंकल्या. त्यांत अस्का मतदारसंघातून प्रमिला बिसोई होत्या, गंजाम जिल्ह्यातल्या खेड्यात बचत गट चालवणाऱ्या. शाळा तिसरीपर्यंतची, वय सत्तरीकडे झुकलेलं, दोन लाखांवर मताधिक्य.

मी मामींना हे सांगितलं. त्या आता साठीच्या पुढे आहेत, त्यांचाही बचत गट आहे आणि बँकेच्या साहेबाला अजून त्यांची धास्ती आहे. तिसरी शिकलेली बाई लोकसभेत गेली याचं त्यांना फार नवल वाटलं नाही. त्यांनी विचारलं, ‘घरातलं कोण होतं गं तिचं पक्षात?’

‘कुणी नाही, मामी. नवरा साधा नोकरीतला होता.’

‘सासरा? भाऊ?’

‘नाही हो. कुणीच नाही.’

‘असं होत नाही,’ मामी म्हणाल्या. ‘तू नीट बघ. असेल कुणीतरी.’